रुब्ल्योवचं ‘त्रैक्य’ : देऊळ, संग्रहालय आणि राष्ट्र

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? मग सुरुवात करतो.

पत्रिकेत विषय छापलाय तो जरा भारदस्त आहे. ‘आजचा रशिया : कला आणि राष्ट्रीय अस्मिता’. एवढ्या मोठ्या विषयात तासाभरात नुसती नावं घेऊन होतील, हाती काही लागणार नाही. म्हणून मी आज एकच चित्र घेणार आहे आणि त्याच्या मागोमाग जाणार आहे. जिथे ते नेईल तिथे.

त्याआधी थोडं आपल्या घरातलं. माझ्या वयाच्या मराठी वाचकाची रशियाशी ओळख झाली ती सोव्हिएत पुस्तकांतून. तिकडे छापलेली, पक्क्या बांधणीची आणि खिशाला परवडणारी. मुंबईत लोकवाङ्मय गृहात ती मिळायची. आमच्या घरच्या फडताळात गॉर्की, चेखव्ह, गोगोल आणि आइत्मातोव एका ओळीत उभे असत. आमच्या लेखी सगळे ‘रशियन लेखक’. गोगोल युक्रेनमध्ये जन्मलेला, आइत्मातोव किरगिझ, ही माहिती कुणी लपवून ठेवली होती असं नाही. आम्हालाच तो प्रश्न पडला नव्हता.

गंमत अशी, की रशियन भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘रुस्की’ म्हणजे रशियन भाषेचा, रशियन वंशाचा, त्या संस्कृतीचा. आणि ‘रोसीस्की’ म्हणजे रशिया नावाच्या राज्याचा. कझानचा तातार माणूस रोसीस्की नागरिक आहे, पण तो रुस्की नाही. मराठीत आपण दोघांनाही ‘रशियन’ म्हणतो आणि मोकळे होतो. हा फरक जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यापासून मला जिथे तिथे एक प्रश्न विचारला जातो. ‘सर, आता टॉलस्टॉय वाचायचा की नाही?’ खरं सांगू का, हा सोपा प्रश्न आहे. त्यात आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आणि टॉलस्टॉय आरोपीच्या पिंजऱ्यात. वाचा म्हटलं तरी बरं वाटतं, वाचू नका म्हटलं तरी बरं वाटतं. मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. एखादी कलाकृती ‘राष्ट्राची’ आहे असं जाहीर होतं, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा अधिकार नेमका कुणाकडे जातो?

आता पडद्याकडे बघा.

हे आंद्रेई रुब्ल्योवचं ‘पवित्र त्रैक्य’. पंधराव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतलं. लाकडी फळ्या जोडून, त्यावर पांढरा लेप देऊन, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी काढलेलं. उंची १४२ सेंटिमीटर, रुंदी ११४. अशा उपासनेच्या चित्राला आयकॉन म्हणतात. विषय बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला. अब्राहामाच्या दारी तीन अनोळखी पाहुणे येतात, तो आणि त्याची बायको सारा त्यांचं आतिथ्य करतात. ख्रिस्ती परंपरेने या तिघांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची खूण पाहिली.

रुब्ल्योवच्या आधी हा प्रसंग काढणारे चित्रकार अब्राहाम दाखवत, सारा दाखवत, मेजावर बरीच भांडीकुंडी मांडत. रुब्ल्योवने हे सगळं काढून टाकलं. यजमान गेले, जेवण गेलं. उरले तीन देवदूत, मध्ये एक पात्र, मागे घर, झाड आणि डोंगर. तिघांची शरीरं मिळून नकळत एक वर्तुळ होतं. कुणी कुणाहून मोठा नाही, कुणी आज्ञा देत नाही. आणि मेजाची आपल्याकडची बाजू मोकळी आहे. तिथे कुणीच बसलेलं नाही.

हे चित्र मॉस्कोपासून सुमारे ७० किलोमीटरवर, आज ज्याला सेर्गिएव पोसाद म्हणतात, तिथल्या मठासाठी काढलं गेलं. संत सेर्गी यांचा हा मठ. १४०८ मध्ये एदिगेच्या स्वारीत तो जळाला होता. रशियन राजपुत्र एकमेकांच्या जिवावर उठलेले, पूर्वेकडून स्वाऱ्या चालू. परंपरा असं सांगते, की सेर्गींनी त्रैक्याच्या नावाने देऊळ बांधलं ते यासाठी, की त्या एकीकडे पाहून माणसाच्या मनातली फाटाफुटीची धास्ती जावी. म्हणजे या चित्राचा जन्मच भाऊबंदकीच्या काळातला आहे.

बरं, हे चित्र लोकांना दिसत होतं का? इथे खरी गोष्ट सुरू होते. आयकॉनवर तेलाचा थर देत. तो काही दशकांत काळा पडे, वर मेणबत्त्यांची काजळी. मग कुणीतरी त्यावर नव्याने रंगवी. त्यात भर म्हणून झारांनी सोन्याची आवरणं चढवली. बोरिस गोदुनोवने दिलेलं आवरण प्रसिद्ध आहे. त्या सोन्यातून फक्त चेहरे, हात, पाय दिसत. १५५१ च्या धर्मसभेने रुब्ल्योवची चित्रं नमुना म्हणून समोर ठेवा असं सांगितलं, पण पुढची तीनेकशे वर्षं त्या नमुन्याचा मूळ रंग कुणी पाहिला नव्हता. भक्ती पुरेपूर होती. दर्शन मात्र झाकलेलं होतं.

१९०४ मध्ये गुर्यानोव नावाच्या कारागिराने आवरण उतरवून थर साफ करायला घेतले. काळ्या-तपकिरी खपल्यांखालून निळा रंग वर आला. पण काम संपल्यावर मठाने काय केलं? सोन्याचं आवरण पुन्हा चढवलं. पुरती सफाई झाली ती क्रांतीनंतर, १९१८ मध्ये. १९२९ मध्ये चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आलं.

त्याच सुमाराला रशियन कलेत काय चाललं होतं तेही बघू. १९११ मध्ये मातिस मॉस्कोला आला आणि जुने आयकॉन पाहून हरखून गेला. १९१३ मध्ये मॉस्कोत साफ केलेल्या आयकॉनचं मोठं प्रदर्शन भरलं. आणि १९१५ मध्ये पेत्रोग्रादच्या एका प्रदर्शनात मालेविचने आपला ‘काळा चौकोन’ कुठे टांगला? भिंतींच्या कोपऱ्यात, वर. रशियन घरात आयकॉनची जी जागा असते, तिथे. मला इथे एवढंच दाखवायचंय, की रशियाच्या ‘परंपरे’ला तिचा रंग परत मिळाला तो आधुनिक नजरेमुळे, आणि आधुनिक चित्रकाराने आपली जागा शोधली ती परंपरेच्या कोपऱ्यात. दोघं एकमेकांचे वैरी नव्हते. आज तिथे जे सांगितलं जातं, की परंपरा आपली आणि आधुनिकता बाहेरची, ते रशियन कलेच्या इतिहासाला धरून नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे संग्रहालय बरोबर आणि चर्च चूक. थांबा. इतकं सरळ नाहीये.

हे चित्र संग्रहालयात आलं कसं? मठ बंद करून, संन्याशांना बाहेर काढून. १९१९ मध्ये सेर्गींच्या अस्थींची पेटी उघडून त्यांचं प्रदर्शन मांडलं गेलं. आणि त्या दिवसांत एक माणूस याविरुद्ध बोलत होता. पावेल फ्लोरेन्स्की. धर्मगुरू, गणिती, कलेचा जाणकार. मठातल्या वस्तूंच्या जतनासाठी जी समिती नेमली होती तिचाच तो सदस्य. १९१८ च्या आपल्या निबंधात त्याचं म्हणणं असं : आयकॉन म्हणजे नुसती रंगवलेली फळी नव्हे. हलणारी ज्योत, धुपाचा धूर, गाणं, पुजाऱ्याची हालचाल या सगळ्यात तो जिवंत असतो. विजेच्या स्थिर उजेडात भिंतीवर टांगलात, तर तुम्ही जे पाहाल ते वेगळंच काहीतरी असेल.

आपल्याकडे देवळात वाढलेल्या कुणालाही हे चटकन पटेल. मलाही पटतं. आणि लक्षात घ्या, फ्लोरेन्स्की हे सत्तेच्या तोंडावर बोलत होता. त्याची किंमत त्याने मोजली. छावणीत गेला, १९३७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या.

म्हणून ‘देऊळ की संग्रहालय’ या वादात मी कुणाचीच बाजू डोळे मिटून घेत नाही. संग्रहालयाच्या पायाशी जप्ती आहे. आणि भक्तीच्या नावाखाली तीनशे वर्षं चित्र झाकलेलं होतं, हेही आहे. दोन्हीकडे खरं आहे, दोन्हीकडे अपराध आहेत.

आता आपल्या काळात येऊ.

सोव्हिएत राज्य कोसळलं, चर्च पुन्हा उभं राहिलं. रुब्ल्योवला १९८८ मध्येच संतपद मिळालं होतं. २००८ मध्ये चर्चने ‘त्रैक्य’ तीन दिवसांसाठी मठात मागितलं. संग्रहालयातल्या अभ्यासकांनी ही गोष्ट बाहेर सांगितली, फळ्यांचे सांधे किती नाजूक आहेत, हवेतला ओलावा बदलला तर रंगाचे पापुद्रे कसे सुटतील ते मांडलं. वर्तमानपत्रांतून वाद झाला. श्रद्धाळू लोक रागावले, चित्रकार रागावले. चित्र जागेवर राहिलं.

जुलै २०२२ मध्ये, युद्ध सुरू होऊन पाच महिने झालेले असताना, चित्र काही दिवसांसाठी मठात नेलं गेलं. परत आल्यावर तज्ज्ञांनी त्याच्या स्थितीत ६१ बदल नोंदवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पारंपरिक आध्यात्मिक-नैतिक मूल्यांच्या रक्षणाचा राष्ट्राध्यक्षांचा हुकूमनामा, क्रमांक ८०९, निघाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्रेत्याकोवच्या संचालक झेल्फिरा त्रेगुलोवा यांना जावं लागलं. १५ मे २०२३ रोजी चर्चने जाहीर केलं : श्रद्धाळूंच्या विनंतीवरून राष्ट्राध्यक्षांनी ‘त्रैक्य’ चर्चला परत देण्याचं ठरवलं आहे. तज्ज्ञांचं मत विरोधात होतं. चर्चच्याच कलाविषयक परिषदेचे प्रमुख फादर लिओनिद कालिनिन यांच्यावर चित्र आणण्यात अडथळा आणल्याचा ठपका आला, त्यांना पदावरून दूर केलं गेलं. म्हणजे हा वाद श्रद्धाळू विरुद्ध नास्तिक असा नव्हताच. चर्चच्या आतला जाणकारही गप्प केला गेला.

जूनमध्ये चित्र मॉस्कोच्या ख्रिस्त तारणहाराच्या कॅथेड्रलमध्ये आलं. हे कॅथेड्रल १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडलं होतं, पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव होता. आजची इमारत १९९० च्या दशकात बांधलेली. सहाशे वर्षांचं चित्र, आणि ‘परत’ गेलं ते पंचवीस वर्षांच्या इमारतीत, जिथे ते आधी कधीच नव्हतं. एक वर्षाने, जून २०२४ मध्ये, ते सेर्गिएव पोसादला पोचलं.

फ्लोरेन्स्की जिंकला म्हणायचं का मग? शब्द त्याचेच वापरले जातात. आयकॉनची जागा देवळात. पण फ्लोरेन्स्कीने हे म्हटलं तेव्हा त्याच्यामागे कुणी नव्हतं. तो पटवत होता. आज तेच वाक्य हुकूम म्हणून येतं, आणि हुकमाला पटवायची गरज नसते. वाक्य तेच राहिलं, त्यातला जीव गेला.

माझं आजचं म्हणणं मी इथे एका ओळीत ठेवतो, नंतर त्यावर भांडा. ‘त्रैक्य’ खऱ्या अर्थाने राष्ट्राचं होतं ते २००८ मध्ये. कारण तेव्हा त्याच्यावरून राष्ट्रात भांडण होऊ शकत होतं. धर्मगुरू, रसायन जाणणारा, इतिहासकार, दर्शनाला आलेली म्हातारी, प्रत्येकाचा त्यावर हक्क होता आणि प्रत्येकाला तो बोलून दाखवता येत होता. २०२३ मध्ये ते ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मिरवलं गेलं, तेव्हा त्यावर बोलणारा एकच उरला होता.

दुसरी एक घटना याच्याशेजारी ठेवून बघा. चर्चची घोषणा १५ मे २०२३ ची. त्याच्या अकरा दिवस आधी, ४ मे रोजी, मॉस्कोत दिग्दर्शिका झेन्या बेर्कोविच आणि नाटककार स्वेतलाना पेत्रिइचुक यांना अटक झाली. कशासाठी? ‘फिनिस्त, तेजस्वी ससाणा’ या नाटकासाठी. इंटरनेटवर ओळख झालेल्या दहशतवाद्यांच्या प्रेमात पडून त्यांच्याकडे जायला निघालेल्या रशियन बायकांबद्दलचं हे नाटक. नाव घेतलंय एका जुन्या रशियन लोककथेवरून, ज्यात एक मुलगी आपल्या ससाणा-प्रियकराच्या शोधात लोखंडी जोडे झिजवत जाते. २०२२ मध्ये या नाटकाला ‘गोल्डन मास्क’ हा रशियातला नाट्यक्षेत्राचा सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला होता. ८ जुलै २०२४ रोजी लष्करी न्यायालयाने दोघींना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा दिली. अपिलात काही महिने कमी झाले, इतकंच. आरोप काय, तर दहशतवादाचं समर्थन. ज्या नाटकात बायका त्या सापळ्यात कशा अडकतात हे दाखवलंय, त्यावर! बेर्कोविचने युद्धविरोधी कविता लिहिल्या होत्या, हेही सांगायला हवं.

बघा, लोककथा परंपरेतलीच. तिचा उपयोग एका कलावंताने आजची जखम दाखवायला केला. आठ नोव्हेंबर नाही, नऊ नोव्हेंबर २०२२ च्या त्या हुकूमनाम्यात मूल्यांची यादी आहे. त्यात देशभक्ती आहे, बळकट कुटुंब आहे, तशीच दया आहे, न्याय आहे, माणसाचे हक्कही आहेत. यादीत खोट काढायला जागा नाही. पण त्या यादीचा अर्थ कोण लावणार? अर्थ लावायचा हक्क काढून घेतला, की परंपरा ही कपाटातली वस्तू होते. रुब्ल्योवनेही परंपरेचा अर्थच लावला होता. अब्राहाम आणि सारा यांना चित्रातून काढून टाकणं हे आज कुणी केलं असतं, तर? विचार करून बघा.

हे फक्त आजच्या सरकारचं आहे असंही नाही. सोव्हिएत राज्याने १९६० मध्ये रुब्ल्योवची सहाशेवी जयंती साजरी केली, त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. आणि तार्कोव्स्कीने त्याच रुब्ल्योववर सिनेमा केला, तेव्हा १९६६ मध्ये तयार झालेला तो सिनेमा देशात लोकांपुढे यायला १९७१ चा डिसेंबर उजाडला. त्यातला रुब्ल्योव कत्तल पाहतो आणि कुंचला खाली ठेवतो, बोलणंही सोडतो. राज्याला पुतळ्यातला रुब्ल्योव हवा होता. प्रश्न पडलेला रुब्ल्योव नको होता.

आता सुरुवातीचे दोन शब्द आठवा. रुस्की आणि रोसीस्की.

१६ मार्च २०२२ रोजी मारिउपोलच्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला. आत शेकडो माणसं आसऱ्याला होती. बाहेर जमिनीवर मोठ्या अक्षरांत रशियन भाषेत ‘मुलं’ असं लिहिलेलं होतं. रशियन भाषेत, म्हणजे वैमानिकाला वाचता यावं म्हणून. शहर ताब्यात आल्यावर त्या भग्न इमारतीभोवती उंच पडदे उभारले गेले, आणि त्या पडद्यांवर लेखकांची चित्रं होती. त्यांत पुश्किन होता, गोगोल होता.

मी या पडद्यांपाशी फार वेळा अडकतो. पुश्किनचा यात काय दोष? काही नाही. पण पडद्याला कुणाचा तरी चेहरा लागतो. ‘जिथे आमची भाषा तिथे आमचं राज्य’, म्हणजे रुस्कीचं रोसीस्की करायचं, हे एकदा ठरलं, की कवीचा चेहरा सीमेच्या खुणेसारखा रोवता येतो. युक्रेनमध्ये पुश्किनचे पुतळे उतरवले गेले, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना वाईट वाटलं. कविता म्हणून मलाही वाटलं. पण तो पुतळा तिथे कविता म्हणून उभा होता, की खूण म्हणून, हे ठरवण्याचा हक्क त्या गावातल्या लोकांचा आहे. पुण्यात बसून मी तो घेऊ शकत नाही.

‘कला राजकारणाच्या वर असते’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. मीही बोललोय. आता बोलवत नाही. त्या वाक्याने कलेचा बचाव होत नाही, पडदा लावणाऱ्याचा होतो.

मग टॉलस्टॉय वाचायचा का? वाचायचा ना. पण फडताळ नीट लावून. गोगोलच्या पुस्तकात त्याचं जन्मगाव कुठलं ते पाहायचं. आइत्मातोव किरगिझ आहे हे पोरांना सांगायचं. फ्लोरेन्स्कीचं नाव आलं, की त्याचा शेवटही सांगायचा. बेर्कोविच आणि पेत्रिइचुक ही नावं पाठ ठेवायची, कारण त्याही रशियन संस्कृतीच आहेत, आणि माझ्या मते आज तिचा जास्त जिवंत भाग आहेत. आणि ‘त्रैक्या’समोर रांगेत उभं राहून कपाळ टेकवणाऱ्या माणसाला हसायचं नाही. त्याची श्रद्धा खरी आहे. त्याच्या नावाने जो निर्णय घेतला गेला, तो त्याला विचारून घेतलेला नव्हता.

पुन्हा एकदा चित्र लावाल का? हां.

तिघं बसलेत. कुणी कुणावर ओरडत नाही. पात्र एकच आहे. आपल्याकडची बाजू अजून मोकळी आहे. मी मूळ चित्र पाहिलेलं नाही, छापील प्रतीच पाहिल्यात, आणि आता मूळ चित्र पाहायचा योग येईल असं वाटत नाही. पण इतकं समजतं, की रुब्ल्योवने ती जागा कुणाच्या नावावर करून ठेवलेली नाही.

मी इथे थांबतो. प्रश्न विचारा, आणि मघाच्या माझ्या त्या २००८ च्या विधानावर कुणाला भांडायचं असेल, तर त्यांना आधी माईक द्या.